डाव्या खांद्यावरची कार्बाइन

शनिवार, १ नोव्हेंबर

मी पहिली आले! मी! लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

ऑफिसची सहल होती. दरवर्षी डेझर्ट सफारी असते, यंदा एचआरला काय सुचलं कोण जाणे – शूटिंग क्लब. गारेगार हॉल, कानांवर मोठाली झाकणं, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा. आधी पिस्तूल दिलं. माझ्या दहापैकी सात गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. हेमा हसून हसून खाली बसली. मीही हसले, मला सवय आहे.

मग कार्बाइन दिली. गोळी पिस्तुलाचीच, नऊ एमएम, पण बंदूक लांब आणि दस्ता खांद्याला लावायचा. मी गाल टेकवला, मान कशीबशी वाकडी करून नेम धरला आणि – धाड, धाड! कागद सरकत जवळ आला तर मधल्या वर्तुळात नऊ भोकं. दहावं रेषेवर.

 हेमाने भोकं बोट लावून मोजली!

तिथला कोच मिथुन, मंगळूरचा. "मॅडम, पहले कहाँ सीखा?" म्हटलं, सांगलीत, भांडी घासताना. तो हसला नाही. म्हणाला, "दोनों आँख खुली रखके मारा आपने. लोगों को छह-छह महीना लगता है." मला तर एक डोळा मिटायचा असतो हेच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर नवरोबा निनाद म्हणाला, "तू? तुझा चहा कपात पडत नाही, आणि गोळी बरोबर पडली?" बरोबर आहे त्याचं. अडतीस वर्षं मी घरातली अधिकृत वेंधळी. सुईत दोरा जात नाही, झेल घेता येत नाही, अनोळखी जिन्यावर पाय आधी चाचपतो. ड्रायव्हिंगचं 'पुढच्या वर्षी' करत नऊ वर्षं झाली, अजून हेमाच्या कारपूलमध्ये बसते.

आई दीड महिना झाला आमच्याकडे आहे, व्हिजिट व्हिसावर. तिने भोकांचा कागद हातात घेतला आणि किती वेळ बघत राहिली. मग विचारलं, "कुठला डोळा लावून मारलंस गं?"

हा काय प्रश्न! म्हटलं, दोन्ही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मिथुनचा व्हॉट्सॲप. डिसेंबरपासून क्लबची बायकांची लीग आहे, कार्बाइनची. दहा शनिवार. "मॅडम, आप आओ. मेडल पक्का." माझा मेडलशी संबंध शाळेत टाळ्या वाजवण्यापुरता होता!

एकच अट. क्लबच्या तीन कार्बाइनपैकी एक निवडायची, बावीस तारखेच्या आत नाव नोंदवायचं, मग दहाही आठवडे तीच. विकत वगैरे काही घ्यायचं नाही. बंदूक क्लबच्या कपाटातच राहते, आपण फक्त भाडं आणि गोळ्यांचे पैसे द्यायचे. निनादने लगेच विचारलं, "महिन्याला किती?" म्हटलं, निवडू तर दे आधी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर कार्बाइनचे व्हिडिओ. एका ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर चुकवला. डॉक्युमेंट कंट्रोलर होऊन अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच चुकला!

शनिवार, ८ नोव्हेंबर

तिन्ही हाताळल्या. मी त्यांची नावं ठेवलीत.

सुंदरी – जर्मन, हलकी, झटका नाहीच. नुसतं बोट लावलं की गोळी गेलेली असते. महिन्याला चारशेवीस दिरहम. "दहा हजार रुपये!" निनाद पार्किंगमध्येच ओरडला. "दहा हजारात सांगलीत माणूस महिनाभर जेवतो." सुंदरी गेली.

घडीची – मधोमध दुमडते, बॅगेत मावेल एवढी होते. एकशेऐंशी दिरहम, सगळ्यात स्वस्त. पण दस्ता म्हणजे नुसता पाइप, प्रत्येक गोळीला गालाचा चिमटा काढते. माझी मान आधीच वाकडी, त्यात तो पाइप. घरी आले तेव्हा गाल लाल!

म्हैस – काळी, जड, जुनी. दोनशेचाळीस. उचलताना "आई गं" निघतं, पण एकदा खांद्यावर बसली की हलत नाही. जड असल्यामुळे झटका तीच खाते. हेमा म्हणाली, "तुला शोभत नाही गं." शोभायला काय लग्नाला न्यायची आहे?

घडीची की म्हैस? साठ दिरहमचा फरक, म्हणजे चौदाशे-साडेचौदाशे रुपये. ठरत नाहीये.

एक गंमत. गोळी मारण्याआधी श्वास सोडायचा असतो. मिथुन म्हणतो मनात आकडे मोजा. मी आकडे नाही मोजत, माझं जुनं गाणं म्हणते – ई, एफ-पी, टी-ओ-झेड, एल-पी-ई-डी. आईने लहानपणी शिकवलेलं. अर्थ काही नाही, इंग्रजी अक्षरं यावीत म्हणून बहुतेक. परीक्षेच्या वेळी, बाळंतपणाच्या वेळी, विमान उडताना – मी कायम तेच म्हणत आलेय. 'एल-पी-ई-डी' ला श्वास संपतो आणि बोट आपोआप दाबलं जातं.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेकीला, सृष्टीला, खाली बागेत बॉल खेळायला नेलं. निनादने दहा वेळा टाकला, तिने दहा वेळा सोडला. शेवटचा नाकावर बसला. मी म्हटलं, "माझ्यावर गेलीय, वेंधळी." आई बाकावरून ताडकन उठली. "तिला नको तसं म्हणूस!" एवढी चिडली! मला आयुष्यभर कोण म्हणत आलं मग?

आईचं हल्ली नवीनच काहीतरी. निनादच्या नव्या शर्टातला पांढरा पुठ्ठा काढून घेतला आणि स्केचपेनने सृष्टीला एबीसीडी शिकवते! जी पोर भांडते इंग्रजीत आणि रडते इंग्रजीत, तिला! फेब्रुवारीत सात पूर्ण होतील बाईसाहेबांना. दोघी बेडरूमचं दार लावून बसतात. मी डोकावले तर सृष्टी म्हणाली, "मम्मा, गो अवे, इट्स अवर सीक्रेट."

असू दे. आजी-नातीचं एवढं जमलेलं बघून बरं वाटतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सृष्टीच्या शाळेत तपासणी झाली. उंची, वजन, दात, कान, डोळे, सगळं नॉर्मल. आईला फोनवर सांगितलं. घरी आले तर तिने शिरा करून ठेवलेला, काजू-बेदाणे घालून!

"कशाबद्दल?"

"असंच गं."

शनिवार, १५ नोव्हेंबर

 

आज ठरवूनच गेले होते की म्हैस. दहा गोळ्या मारल्या, आठ आत. मिथुन मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "मॅडम, बंदूक राइट शोल्डर पे है, लेकिन आप गर्दन मोड़के लेफ्ट आँख सामने लाते हो. क्यों?" मला काय माहीत क्यों! मान आपोआप जाते.

त्याने हातांचा त्रिकोण करायला सांगितला, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. बघितलं. "अब राइट आँख बंद करो." केला. घड्याळ जागेवर. "अब राइट खोलो, लेफ्ट बंद करो."

केला.

घड्याळ गेलं. भिंत गेली. मिथुनचा शर्ट निळा आहे एवढं कळत होतं, मिथुन कळत नव्हता! सगळीकडे धुकं, दुधाचा पेला विसळल्यावर पाणी दिसतं तसं.

मला वाटलं चष्म्याला वाफ आली. पुसला. परत तेच.

"क्या दिखता है, मॅडम?"

"कुछ नहीं."

तो आधी हसला, त्याला वाटलं मी मस्करी करतेय. मग माझं तोंड बघून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. मी त्याला विचारलं, तुला दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं दिसतं? म्हणजे एकेकानेसुद्धा? तो हळूच म्हणाला, "सबको दिखता है, मॅडम."

सबको! अडतीस वर्षांत एक डोळा मिटून बघायची माझ्यावर कधी वेळ आल्याचं आठवतच नाही. डोळे काय, दोन असतात, उघडले की दिसतं – एवढंच मला ठाऊक होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही. बाथरूमच्या आरशासमोर दहा वेळा करून पाहिलं. डावा मिटला की मी नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऑफिसमधून लवकर निघून ड्रॅगन मार्टजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले, एकटी. तपासणारी मुलगी केरळची, गोड. खुर्चीत बसवलं आणि समोरचा उजेडाचा तक्ता लावला.

मला हसूच आलं. सगळ्यात वर ई. खाली एफ-पी. त्याखाली टी-ओ-झेड. अरे, हे तर माझं गाणं! असे तक्ते जाता-येता किती दुकानांच्या काचेतून दिसले असतील, पण कुणी थांबून वाचतं का?

तिने डाव्या डोळ्यावर झाकण ठेवलं. तक्ता विरघळला. उजेडाचा पांढरा डाग राहिला, वरच्या बाजूला काळपट काहीतरी.

"पढ़िए मॅम."

आणि माझं तोंड सुरू झालं! मी नाही सुरू केलं, शपथ! "ई. एफ-पी. टी-ओ-झेड. एल-पी-ई-डी. पी-ई-सी-एफ-डी." थेट खालपर्यंत, न अडखळता. ती खूश. "व्हेरी गुड, सिक्स बाय सिक्स!" आणि लिहायला लागली.

ती लिहून मोकळी झाली असती, तर मी तो कागद घेऊन घरी आले असते. म्हटलं, "थांबा. मुझे कुछ नहीं दिख रहा."

"लेकिन आपने पढ़ा ना?"

"नहीं पढ़ा. मुझे पाठ है."

 मग तिने बटण दाबलं, दुसरा तक्ता आला असावा. "अब?"

अब काही नाही.

तिने पुष्कळ तपासलं, थेंब घालून, उजेड टाकून. लेझी आय म्हणतात. डोळ्यात बिघाड नाही, लहानपणीच मेंदूने तो वापरायचा सोडून दिला. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं, एवढाच उपाय. पण तो लहान वयात, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. चहा कपाबाहेर पडतो, चेंडू हुकतो, जिना कळत नाही – हे सगळं तिनेच मला सांगितलं, मी न सांगता!

"बचपन में किसी ने देखा नहीं, मॅम? घर में और किसी को है?"

म्हटलं, नाही. कुणालाच नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काल लिहिणं सोडून उठले, कारण आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि मला राहवेना. समोर बसले. विचारलं, "आई, ई, एफ-पी, टी-ओ-झेड. हे कुठून आणलंस?"

तिचे हात थांबले. वर बघितलं नाही.

"मिरजेच्या डॉक्टरांकडनं," म्हणाली.

तिला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं! मी साडेपाच वर्षांची होते. डॉक्टरांनी पट्टी दिली, रोज सहा तास, वर्षभर लावा म्हणून सांगितलं. "आठ दिवस लावली गं. तू भिंतीला धडकायचीस, रडायचीस. गल्लीतली पोरं 'काणी, काणी' करत मागं लागायची. नवव्या दिवशी मीच काढली आणि चुलीत घातली." मला यातलं काहीच आठवत नाही.

"आणि तक्ता?"

"शाळेत डोळं तपासायला यायचे. एकदा वहीत नाव गेलं की गावभर झालं असतं. कंपाउंडरकडनं कागदावर उतरवून आणला. पंधरा दिवसांत तुझा तोंडपाठ झाला. हुशार होतीस तू." हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं. कौतुक!

म्हटलं, का? का, आई?

मग मावशीचं सांगितलं. आईची थोरली बहीण, जन्मभर माहेरच्या चुलीपाशी बसलेली. मला वाटायचं तिला लग्न करायचंच नव्हतं. तिचाही हाच डोळा! "पहिले पाहुणे आले तेव्हा आबांनी खरं सांगितलं, की पोरीला उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. त्यानंतर तिला एक स्थळ आलं नाही, ममता. एक नाही. तिचं ताट मी वाढायची रोज. मला माहितीय."

मी ओरडले. इतक्या जोरात की निनाद लॅपटॉप टाकून धावत आला. "मी वेंधळी नव्हते, आई! तुला माहीत होतं मी वेंधळी नाही, आणि तू रोज म्हणत होतीस!"

ती शांतपणे म्हणाली, "वेंधळी म्हटलेलं चालतं गं. वेंधळीचं लग्न होतं."

  निनादकडे बघायची भीती वाटली, हेही लिहून ठेवते. बारा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडे बघायची भीती! म्हणजे आईची भीती माझ्यातही आहेच. त्याने चहा करून आणला आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. तेव्हा मात्र मी रडले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी फाइलमधून सृष्टीचा शाळेचा कागद काढून पुन्हा बघितला. उजवा सिक्स बाय सिक्स. डावा सिक्स बाय सिक्स. वर शाळेच्या नर्सचा शिक्का. तीनदा वाचला. देवा, एवढं तरी नीट ठेवलंस.

आईशी बोलणं बंद आहे. 'जेवायला वाढलंय' एवढंच ती म्हणते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आई तिकीट काढून दे म्हणाली. निनाद म्हणाला, "थांबा हो, अजून व्हिसा आहे."  मी तिच्या गुडघ्याचं तेल संपलंय ते आणलं. रागावर आहे म्हणून काय गुडघा दुखायचा थांबतो?

शनिवार, २२ नोव्हेंबर

म्हैस! नाव नोंदवून आले.

मिथुनला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो फिर गर्दन क्यों मोड़ना? बंदूक को ही उधर ले जाओ ना." डाव्या खांद्यावर! इतकं सोपं! सुंदरीची सगळी बटणं उजव्या हाताची, ती बाद. घडीचीच्या रिकाम्या पुंगळ्या नाकासमोरून उडायला लागल्या, ती बाद. आणि म्हैस? तिचा ओढायचा खटका आणि मॅगझिनचं बटण काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. मिथुनने पाच मिनिटांत बसवलं. बिचारी जड, जुनी, पण तिला कुठल्याही बाजूने चालतं.

पहिल्या पाच गोळ्या कुठेही गेल्या. सगळंच उलटं, बोटसुद्धा परकं वाटत होतं. मग मान सरळ झाली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी मान वाकडी न करता काहीतरी बघत होते. गाणं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आकडे मोजले. दहापैकी दहा आत! मिथुनने कागदावर तारीख घातली आणि खाली लिहिलं – लेफ्टी. हेमाने मिठी मारली.

येताना गाडीत ठरवलं, आईला माफ करेन. आज नाही, पण करेन. झालं ते माझ्यापुरतं झालं आणि माझ्यापाशीच संपलं. आता घरी जाऊन तिला हा कागद दाखवते.

त्याच दिवशी, पाच वाजता

सृष्टीने माझ्यासाठी टार्गेट काढून ठेवलं होतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल-निळी वर्तुळं. दारावर चिकटवायला म्हणून मी तो उलटा केला.

मागे आईचं अक्षर. स्केचपेन. ई. एफ-पी. टी-ओ-झेड.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

मी सृष्टीला खिडकीशी नेलं आणि तिचा डावा डोळा तळहाताने झाकला. मी काही विचारलं नव्हतं, काही दाखवलं नव्हतं, तरी तिने सगळं धडाधड म्हणून टाकलं, थेट पी-ई-सी-एफ-डी पर्यंत. मग टाळीची वाट बघत थांबली.

मी दोन बोटं वर धरली. "सांग किती?"

ती हसत होती. मान डावीकडे, उजवीकडे वाकडी केली. मग हसू गेलं.

"मम्मा, आजी डिडन्ट टीच मी दॅट वन."